माळेगावच्या घोडेबाजारात हेल्मेट हवं

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, नांदेड यांस



मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची देवस्वारी निघाली की आपला अर्धा जिल्हा लोह्याच्या दिशेने चालू लागतो. या यात्रेचं यजमानपण जिल्हा परिषदेकडे आहे. पाणी, दिवाबत्ती, कुस्त्यांचा फड, पशुप्रदर्शन, अश्व-श्वान-कुक्कुट स्पर्धा, सगळ्याची व्यवस्था तुमची यंत्रणा पाहते. म्हणून हे पत्र पोलिसांना किंवा आरटीओला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. मागणी एकच आहे. माळेगावच्या घोडेबाजारात आणि अश्वस्पर्धेत जो कोणी घोड्याच्या पाठीवर बसेल, त्याच्या डोक्यावर हनुवटीला पट्टा बांधलेलं हेल्मेट असलंच पाहिजे, असा नियम यंदाच्या यात्रेपासून करा. आणि ते हेल्मेट बाजारात हाताशी मिळेल अशी सोयही तुम्हीच करा.

मी किनवट तालुक्यातल्या इस्लापूरचा. माळेगाव आमच्यापासून लांब आहे, पण तिथे विकलेला घोडा जिल्ह्याच्या कोणत्याही कोपऱ्यात जातो. आमच्याकडे तो सागाच्या जंगलातल्या पायवाटांवर चालतो, ओढे उतरतो, पैनगंगेच्या काठाकाठाने जातो. पायवाटेवरच्या घोडेस्वारीला शहरातली माणसं हौस म्हणतात. आडवाटेच्या वाड्या-तांड्यांवर ते आजही येण्याजाण्याचं साधन आहे. ज्या गावाला गाडी पोचत नाही तिथे तट्टू पोचतं. त्यामुळे माळेगावात पडलेली सवय, चांगली असो वा वाईट, घोड्यासोबत आमच्या जंगलात येते.

घोडा पारखण्यात आपली माणसं कमी नाहीत. बाजारात उभं राहून पाहिलं तर थक्क व्हायला होतं. गिऱ्हाईक आधी तोंड उघडून दात पाहतं, वय ठरवतं. मग भोवरे पाहतं. गळ्यावर देवमण आहे का, कपाळावरचा भोवरा कुठे बसलाय, अंगावर कुठे खोड निघते का, हे एकेक तपासतं. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पट्टा असला की पंचकल्याणी म्हणून किंमत चढते. खूर उचलून नाल पाहिली जाते, गुडघ्यावरून हात फिरवला जातो. मग रुमालाखाली बोटांनी बोली चालते आणि हेडी मधे पडून सौदा जुळवतो. एवढी बारकाईची तपासणी मला मनापासून आवडते, ती आपल्या मुलखाची विद्या आहे. पण या सगळ्या तपासणीत एक गोष्ट कुणीच पाहत नाही: या जनावराच्या पाठीवर आता जो बसणार आहे, त्याच्या डोक्यावर काय आहे?

कारण पुढची पायरी असते फेर मारण्याची. घोड्याची चाल पाहिल्याशिवाय कोणी पैसे मोजत नाही. रवाल चालतो का, दुडकीवर कसा आहे, सोडला तर चौखूर किती उधळतो, हे बसूनच कळतं. आणि माझ्या मते अख्ख्या यात्रेत याहून धोक्याचा क्षण दुसरा नाही. घोडा स्वाराला ओळखत नाही, स्वाराला घोड्याच्या खोडी माहीत नाहीत. खोगीर विकणाऱ्याचं, तंग किती आवळलाय ते त्यालाच ठाऊक. जनावर कुठून कुठून वाहनात उभं राहून आलेलं, रात्रभर दिव्यांच्या उजेडात जागलेलं. शेजारी दुसरे घोडे हिंसताहेत, लाउडस्पीकर वाजताहेत, भंडारा उधळला जातो आहे, पोरं पायात घुटमळताहेत. घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. तिथून काही आलं की तो बुजतो, आणि बुजला की आधी उडी मारतो, विचार नंतर. त्या उडीला स्वाराचं कौशल्य उत्तर देईलच असं नाही.

आता पडण्याचा हिशोब करून पाहा. मध्यम उंचीच्या घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साडेसात-आठ फुटांवर असतं. आठ फुटांवरून माणूस खाली येतो तेव्हा त्याच्या हातात एका सेकंदाचा पाऊणएक भाग असतो, आणि जमिनीला टेकताना वेग ताशी 25 किलोमीटरच्या आसपास पोचलेला असतो. हा घोडा जागेवर उभा असतानाचा हिशोब आहे. तो पळत असेल तर त्याचा वेग वेगळा मिळतो. खाली मऊ नांगरट असेल तर दैव, पण आपल्याकडे खाली बहुतेक वेळा काळा खडक किंवा मुरूम असतो. हेल्मेटच्या आत जो घट्ट थर्माकोलसारखा थर असतो तो अशा धक्क्यात स्वतः चेंगरतो, डोकं थांबायला क्षणाचा आणखी थोडा अंश मिळतो, आणि कवटीवर एका बिंदूत येणारा मार पसरतो. एवढंच त्याचं काम. एका मोठ्या आपटीनंतर ते हेल्मेट टाकून द्यायचं असतं, मग वरून कितीही धड दिसो, कारण आतला थर एकदा दबला की परत फुगत नाही.

डोक्याच्या माराबद्दल आमच्या भागात एक समज पक्का आहे, तो मला इथे मोडून काढायचा आहे. पडलेला माणूस उठून बसला, बोलला, पाणी प्यायला, म्हणजे सुटला, असं आपण धरतो. काही रुग्णांत कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्तवाहिनी फुटते आणि रक्त हळूहळू साचतं. माणूस सुरुवातीला शुद्धीत असतो, मला काही झालं नाही म्हणतो, घरी चालत जातो. काही तासांनी डोकं दुखायला लागतं, उलट्या होतात, झापड येते, आणि मग तो उठत नाही. अशा वेळी कवटी उघडून ते रक्त काढावं लागतं, तेही वेळेत. मेंदूची अशी शस्त्रक्रिया म्हटलं की आम्हाला नांदेडच आठवतं. इस्लापूरहून हिमायतनगर, भोकर करत विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोचायला रस्ता मोकळा असला तरी दोन तासांच्या वर जातात. पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या तांड्यावरून निघायचं असेल तर तो वेळ मी लिहूही शकत नाही. शहरातल्या स्वाराला हेल्मेट जेवढं उपयोगाचं, त्याच्या कितीतरी पट जास्त ते आमच्याकडच्या स्वाराला आहे, कारण आमच्याकडे चूक दुरुस्त करणारा डॉक्टर लांब आहे. हा या पत्राचा गाभा समजा. बाकी सगळं त्याच्या भोवतीचं.

आमच्या पायवाटांचंही थोडं सांगतो. सागाची आणि पळसाची फांदी स्वाराच्या कपाळाच्या उंचीवर येते. घोडा स्वतःच्या उंचीचा अंदाज घेऊन वाकून निघतो, वर बसलेल्याचा अंदाज तो घेत नाही. झुडपातून तितर भर्रकन उडतो, रोही आडवा जातो, रानडुक्कर निघतं. पायवाटेवर माणूस बहुतेकदा एकटा असतो. मैदानावर पडला तर चार जण धावतात, जंगलात पडलेला माणूस घोडा रिकामा घरी आल्यावर शोधायला लागतो.

हेल्मेटच्या विरोधात मला नेहमी ऐकू येतं ते वाक्य म्हणजे, ‘आमची मांड पक्की आहे.’ लहानपणापासून घोड्यावर बसणाऱ्या माणसाला हे म्हणण्याचा हक्क आहे, मी तो नाकारत नाही. पण ज्यांची मांड देशात सगळ्यांत पक्की, ते काय करतात? महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या रेसकोर्सवर एकही जॉकी शिरस्त्राणाशिवाय घोडा पळवत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवलं, घोडेस्वारीत आपल्याला 41 वर्षांनी मिळालेलं. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. चौघांच्याही डोक्यावर हेल्मेट होतं. ड्रेसाज म्हणजे घोड्याला तालावर, ठरलेल्या पावलांनी चालवण्याची कला, त्यात उड्या नाहीत की शर्यत नाही. तरीही आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 2021 च्या जानेवारीपासून त्यातही हेल्मेट सक्तीचं केलं.

ही सक्ती सहज आलेली नाही. या खेळात उंच रेशमी हॅट घालण्याची जुनी शान होती, आपल्या फेट्यासारखी. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून उतरलेली कोर्टनी किंग-डाय ही स्वार मार्च 2010 मध्ये फ्लोरिडात सराव करत होती. घोडा स्वतःच्याच पायात अडखळला आणि कोसळला. तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कवटीला तडा गेला, ती कित्येक आठवडे बेशुद्ध होती, आणि पुढे चालणं-बोलणं पुन्हा शिकावं लागलं. घोडा बुजला नव्हता, तिचं कौशल्य कमी पडलं नव्हतं. घोडा फक्त अडखळला. तिने नंतर स्वतः हेल्मेटचा प्रचार केला. दोनच वर्षांनी, 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या शार्लट डुजार्डिनने हॅट बाजूला ठेवून हेल्मेट घातलं आणि सुवर्णपदक जिंकलं. शान कशात आहे हे एका पिढीच्या आत बदललं.

आपल्याकडेही ते बदलू शकतं, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला भेटायला जाताना शिवरायांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी शिरस्त्राण घातलं होतं. मराठी माणसाला हा प्रसंग पाठ आहे. डोकं झाकलं म्हणून महाराजांच्या शौर्याला कुणी कमी म्हटलं नाही. उलट ती तयारी हाच त्यांच्या शहाणपणाचा भाग म्हणून आपण पोरांना सांगतो. मग त्याच महाराजांचं नाव घेऊन घोड्यावर बसणाऱ्या आजच्या तरुणाला डोकं झाकायची लाज का वाटावी? प्रदर्शनात घोडा उभा असतो, मालक लगाम धरून शेजारी असतो, तेव्हा खुशाल फेटा बांधा, तुरा सोडा. पाठीवर चढताना मात्र फेटा काढा आणि हेल्मेट घाला. स्पर्धेच्या परीक्षकांना हे लेखी सांगून ठेवा, म्हणजे हेल्मेट घातलं म्हणून कोणाचे गुण कापले जाणार नाहीत.

फेट्याची गोष्ट वेगळी आणि दस्ताराची वेगळी, हे नांदेडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आपला जिल्हा हजूर साहिबचा आहे. दसऱ्याला आणि होळीला हल्लाबोल निघतो, निहंग घोडे दौडवतात, ती परंपरा आपल्याही अभिमानाची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये दस्तार बांधणाऱ्या शीख स्वाराला हेल्मेटमधून सूट आहे. माळेगावच्या नियमातही तीच सूट शब्दशः ठेवावी, म्हणजे वाद उरणार नाही.

त्याच कलमात 2019 च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील प्रत्येकाला मोटारसायकलवर हेल्मेट बंधनकारक आहे. पाच वर्षांचं लेकरू बापामागे मोटारसायकलवर बसलं तर कायदा त्याच्या डोक्याची काळजी करतो. तेच लेकरू यात्रेत दुप्पट उंचीच्या घोड्यावर, एका अनोळखी माणसाच्या भरवशावर बसवलं तर हे कलम तिथे लागू होत नाही, कारण घोडा मोटारसायकल नाही. ब्रिटनने 1990 मध्ये खास यासाठी कायदा केला: 14 वर्षांखालच्या मुलाला रस्त्यावर घोडा चालवताना शिरस्त्राण हवंच. सगळ्यांसाठी नियम एकदम करणं तुम्हाला जड जात असेल तर मुलांपासून सुरू करा. पण तिथे मात्र माफी नको, ‘एकच फोटो काढायचाय’ या विनंतीलाही नको.

एक स्पष्ट करून ठेवतो, कारण खोटं आश्वासन देऊन हेल्मेट विकलेलं मला आवडणार नाही. हेल्मेट मानेचं रक्षण करत नाही. सुपरमॅन म्हणून गाजलेला नट क्रिस्तोफर रीव्ह मे 1995 मध्ये अमेरिकेत एका स्पर्धेत घोड्यावरून पडला, डोक्यावर हेल्मेट होतं, तरी मान मोडली आणि तो मानेखाली कायमचा लुळा झाला. हेल्मेट बरगड्या वाचवत नाही. रिकिबीत पाय अडकून फरफटत जाणाऱ्यालाही ते पुरेसं नाही. त्यासाठी टाच असलेला बूट हवा, चप्पल घालून रिकिबीत पाय घालणं थांबायला हवं. मनुष्य आणि घोडा यांच्यातला धोका शून्यावर कधी येणार नाही. पण हात मोडला तर जोडता येतो. मेंदूचं तसं नाही, आणि ज्या एका अवयवाची दुरुस्ती आपल्या आवाक्यात नाही त्याचं रक्षण करणारी वस्तू बाजारात मिळते, इतकं माझ्यासाठी पुरेसं आहे.

उन्हाचं कारणही सांगतील. मराठवाड्यातलं वैशाखाचं ऊन मी जाणतो, पण माळेगावची यात्रा भर थंडीत असते. तिथे हे कारण चालणार नाही. आणि घोडेस्वारीचं हेल्मेट हवेच्या झरोक्यांचं मिळतं.

वस्तू कोणती घ्यावी, याकडे तुमच्या खरेदी विभागाने नीट पाहावं. मोटारसायकलचं तोंडभर झाकणारं हेल्मेट इथे नको. ते जड असतं, कान झाकतं, आणि घोड्यावर कान उघडे लागतात. घोडेस्वारीसाठी बनवलेलं, आत ईएन 1384 किंवा एएसटीएम एफ 1163 असं मानक छापलेलं हेल्मेट घ्यावं. मखमल लावलेल्या नुसत्या दिखाऊ टोप्याही मिळतात, त्या पडण्यात काहीच कामाच्या नाहीत. लहान-मोठी मापं हवीत, कारण सैल हेल्मेट पडताना डोक्याआधी निघून जातं. डोकं जोरात हलवलं तरी ते जागचं हलू नये, पट्ट्याखाली एक-दोन बोटं जातील इतकीच ढील असावी. घोडेबाजाराच्या तोंडाशी पशुवैद्यकीय दवाखान्याचा तंबू असतो, त्याच्या शेजारी एक टेबल मांडा. आधारकार्ड ठेवून हेल्मेट न्यायचं, फेर मारून परत द्यायचं. आतून घालायला सुती टोपी द्या, म्हणजे दुसऱ्याचा घाम नको ही तक्रार राहणार नाही. खोगीर-लगाम विकणारे दुकानदार यात्रेत येतात, त्यांना जागा देताना हेल्मेटही ठेवायची अट घाला. घोडा घेतला की माणूस खोगीर, लगाम, रिकीब, मोरकी घेतोच. त्याच पोत्यात हेल्मेट पडलं तर ते आमच्या किनवट-माहूरच्या जंगलापर्यंत आपोआप येईल. पुढे घरी ते वापरलं जातं की नाही हे तुम्ही पाहू शकणार नाही, पण घरात नसलेली वस्तू कोणीच वापरत नाही.

घोडी नाचवून वरात काढणाऱ्यांसाठी मी हा नियम मागत नाही. मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाच्या डोक्यावर हेल्मेट घाला, असं मी म्हटलं तर कोणी ऐकणार नाही आणि बाकीचंही बोलणं वाया जाईल. तिथे उपाय दुसरा आहे, डीजे घोडीपासून दूर ठेवणं आणि दोन्ही बाजूंनी लगाम धरणं. तो विषय ग्रामपंचायतींचा आहे, त्यांना वेगळं लिहीन.

माथेरानचा अनुभव तुमच्यासमोर असू द्या. तिथे मोटारगाड्यांना बंदी असल्याने घोडा हे पर्यटकाचं एक मुख्य वाहन राहिलं. पर्यटकाला घोड्यावर बसवताना डोक्यावर हेल्मेट देण्याची रीत पडली, आणि तरीही जानेवारी 2023 मध्ये नुकतंच लग्न झालेला एक तरुण तिथे घोड्यावरून पडून दगावला. एखादी रीत असणं आणि ती प्रत्येक वेळी पाळली जाणं, यात अंतर राहतं. म्हणून नुसती सूचना फलकावर रंगवून भागणार नाही. फेर मारायच्या जागेला दोरी लावा, आत जायला एकच तोंड ठेवा आणि तिथे माणूस उभा करा. हेल्मेट नाही तर फेर नाही. गर्दीतून घोडा दौडवणंही त्यामुळे थांबेल आणि पायी चालणाऱ्या यात्रेकरूंचाही जीव वाचेल.

आमच्या इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला पावसाळ्यात दरवर्षी माणसांची रीघ लागते. धबधबा पाहायला येणाऱ्यांना उद्या कोणी घोड्यावरून फिरवायचं ठरवलं तर त्यात मला वावगं वाटणार नाही, आमच्या पोरांना चार पैसे मिळतील. पण तिथला खडक उघडा, काळा आणि पावसात निसरडा आहे. परवानगी देण्याची वेळ आली तर माळेगावचा हाच नियम पहिल्या दिवसापासून त्या परवान्यावर छापलेला असावा, अपघात झाल्यावर नव्हे.

यात्रेच्या नियोजनाच्या बैठका दिवाळीनंतर सुरू होतात. त्यातल्या पहिल्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, खर्चाची तरतूद पशुसंवर्धन विभागाच्या यात्रा निधीतून करावी, आणि निर्णय काय झाला ते वर्तमानपत्रांतून जाहीर करावं, म्हणजे बाहेरून येणारे घोडेवाले आणि हेडी तयारीनिशी येतील. टेबलावर बसून मापाचं हेल्मेट निवडून द्यायला आणि पट्टा बांधून दाखवायला माणसं कमी पडली तर आम्ही इस्लापूर-किनवटकडची काही मंडळी यात्रेचे सगळे दिवस यायला तयार आहोत. राहण्याची सोय आमची आम्ही करू.

कळावे,
आपला
इस्लापूरचा एक रहिवासी
ता. किनवट, जि. नांदेड